सदतीस जणांनी पाह्यलं

नेटवर्क फक्त टाकीपाशी.
घरची गुंडी भरलेली असतानाही
पुन्हा गेली मी, रिकामी घागर घेऊन.
तिथंच टाकलं स्टेटस:
निळं पातळ, मागं पऱ्हाटी फुटलेली,
गळ्यात आर्वीच्या बाजारातला मोत्यांचा सर.
गालावरचा वांग फोनानंच पुसला.

सदतीस जणांनी पाह्यलं.
नावं पाठ झाली मले, हजेरीवानी:
मास्तर, भाचा, सिलिंडरवाला,
बाराव्या मिनिटाले मंजुळा.

थेच मंजुळा सांजच्याले इरजण मागाले आली.
तुरीचे भाव बोलली, जावेचं बोलली,
भाकर करपते तुही, म्हणे.
मी पदर सारखा केला, सर दिसन असा.
एक पाय उंबऱ्याबाहेर टाकल्यावर
वळली:
"निळ्यात बरी दिसतं वं."
वाटीभर मागितलं होतं तिनं,
मी गंजभर देलं.

पण सुवर्णा.
दहावीपर्यंत एका बाकावर, एका डब्यात.
आता नागपुरात, दिवसभर ऑनलाइन,
अन् यादीत नाई.

रात्री तिसऱ्यांदा टाकीपाशी.
कोणी विचारलं नाई घरी, पाणी कुठाय.
चोवीस तास भराच्या आधीच
पुसून टाकलं मी.

आता तिनं पाह्यलं नाई, असं नाई.
होतंच काय तिथं.