इतिवृत्त

परिपत्रकात एकच प्रश्न होता:
शाळा पंधरा जूनला उघडावी, की तीसला.
खाली अभिप्रायासाठी दोन ओळी सोडलेल्या.

सभा सायंकाळी सातला घेतली, कडुनिंबाखाली,
कारण वर्गावरचे पत्रे अजून उतरले नव्हते.
तापाला म्हणतो ना आपण, तसे.

उपस्थिती अकरा.
देवाजी गेडाम आधी बोलले. ते नेहमीच आधी बोलतात.
"मागच्या साली प्रतिज्ञा अर्धी झाली
अन् रायमुनीचं पोट्टं मैदानातच आडवं.
तिकडं बसून तारखा ठरोतेत, त्याइले म्हणा
इथला जून एकदा डोक्यावर घेऊन पाहा."
माना हलल्या. कोणीतरी टाळीही वाजवली.

मी लिहिलं: तीस जून, एकमताने.
पेनाचं टोपण लावणार
तर मागून शेवंता नन्नावरे, बसल्या बसल्याच,
बोटांवर तेंदूपानाचा काळा चीक अजून तसाच:
"सर, शाळेचं टिन तापते, बराबर हाये.
माह्या घरावर का हाये मंग?"

कोणी काही बोललं नाही.
निंबोळी पडली एक, रजिस्टरवर.

"तुमच्या इथं पंखा तं फिरते, लाइन राहिली तं.
पोट्टी एका जागी बसते, खिचडी खाते.
सुट्टी असली का माह्या मागं भट्ट्यावर येते,
विटा मोजते.
शंभराच्या वरचे आकडे तिले तिथंच आले."

शंभराच्या वरचे आकडे.
ते मी शिकवले असं समजत होतो मी,
दुसरीत, मण्यांच्या माळेवर, दिवाळीच्या आधी.

देवाजी म्हणाले, मंग सकाळची घ्या, सातची.
सकाळी टँकर येते, बाया एकदम बोलल्या,
लायनीत गुंडा घेऊन कोण उभं राहीन?
मग सगळेच बोलायला लागले
आणि इतिवृत्तात कोणाचंच नीट आलं नाही.

रात्री कुलूप लावताना भिंतीला हात टेकला.
नऊ वाजले होते, भिंत दुपारचीच होती.
"एकमताने" खोडलं.
पंधरा दिवस म्हणजे किती विटा,
हे गणित मी मांडलं नाही.
आलं असतं.

केंद्रप्रमुखांचा फोन आला: सर, बाकी राहू द्या,
फक्त तारीख सांगा, यादी पुढं पाठवायची आहे.
मी म्हटलं, गावात लाइन नाही साहेब,
अंधारात रजिस्टर दिसत नाही, उद्या कळवतो.

लाइन होती.
रिकाम्या वर्गात पंखा फिरत होता,
बंद करायचा राहिला होता.