भिंतीवरचा आशिया

हॉलमध्ये पंखे तीन, फिरणारा एक.
त्याच्याखाली हुक्केरी मॅडमनी आशिया टांगला,
कानडीत छापलेला, घडीवर फाटलेला,
अरबी समुद्राला मागून चिकटपट्टी.

आम्ही बेचाळीस जण.
मी जांबोटीहून, पहिल्या बसनं.
मराठी शाळांचे डावीकडे, कानडीचे उजवीकडे,
उर्दूचे मोमीन सर दाराशी, विडीला जायला सोपं.
असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

पहिला दिवस राजवंशांत गेला.
तांग, सोंग, युआन, मिंग,
निपाणीचे पावशे गुरुजी पाढ्यासारखं म्हणायचे
आणि मिंगपाशी अडकायचे.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, वह्या मिटा.
तुमच्या स्वयंपाकघरात कुठला आशिया आहे, सांगा.
त्यांचं मराठी तापलेलं भांडं धरल्यासारखं,
आमचं कानडी त्याहून घाईचं.
चहा, कुणीतरी म्हणालं. चिनी मातीची बरणी.
पेरू! पावशे गुरुजी ओरडले,
मग नकाशाभर शोधून स्वतःच हसले.
मोमीन सर दारातूनच: कागद.
नम्दू कागदाने, उजवीकडून आवाज आला.
कुठून कुठून चालत आलेला शब्द
दोन्ही बाजूंच्या बाकांवर एकदमच टेकला.
याच्यावर कुठली लिपी हवी म्हणून
माझे सासरे दोनदा आत जाऊन आलेत.
खाली पाहिलं. समोरच होता,
हजेरीचा, सह्या झालेला.

गृहपाठ: आपल्या भागातला आशिया शोधा.
संध्याकाळची बस सोडून
कॅम्पात स्वेटरवालीपाशी थांबले.
अकरा हिवाळे हिच्याकडूनच घेते,
पोराचा शाळेचा निळा, सासूबाईंचा बिनबाह्यांचा.
घरात आम्ही हिला नेपाळीण म्हणतो.
तुम्ही मूळच्या कुठल्या?
मुंडगोड, ती म्हणाली, माझ्याहून स्वच्छ कानडीत.
त्याच्या आधी?
त्याच्या आधी अव्वा,
आणि दोन बोटं तिनं गठ्ठ्यावरून चालवली,
लोकरीच्या चढावरून, उतारावरून, सावकाश,
एका जागी बराच वेळ थांबवून पुन्हा पुढं,
थेट मापाच्या टेपपर्यंत.
एवढंच.
वही काढली होती, लिहिलं नाही.
राखाडी रंगाचा एक घेतला.
खरं पन्नास कमी करून घेतलेच.

शेवटच्या दिवशी फॉर्म.
प्रशिक्षणातून काय साध्य झालं, दोन ओळींत.
पावशे गुरुजी माझ्यातलं बघून लिहीत होते,
माझं कोरंच होतं.

आता सातवीच्या भिंतीवर तसलाच नकाशा.
भरमा विचारतो, बाई, आपलं गाव?
मी बोट ठेवते.
बोट काढा की, दिसंना.
बोटाखाली जांबोटी, बेळगाव, चंदगड,
धारवाड, कोल्हापूर, थोडा गोवासुद्धा.
काढलं तरी तिथं काही छापलेलं नाही रे,
नुसता तपकिरी रंग.

शनिवारी जायला हवं.
नाव विचारायचं राहिलं तिचं.
फेब्रुवारी सरत आला,
गठ्ठे बांधायला लागली असेल.