कूलरसाठी रकाना नाही

नळाचं बिल आलं की आई चष्मा पुसते
आणि माझ्या हातात देते. बिल, चष्मा नव्हे.
चष्मा तिचा ती लावते अन् समोर बसते,
जणू वाचता वाचता मी त्यातलं काही खाऊन टाकीन.

नाव अजून बाबांचंच. श्री. डोमाजी पराते, तांडापेठ.
जाऊन चार वर्षं झाली,
महापालिका त्यांना प्रिय ग्राहक म्हणते.

मागचं वाचन, चालू वाचन,
चालूतून मागचं वजा केलं की उरतात एकवीस युनिट.
"युनिट म्हणजे किती वं?"
हजार लिटर, मी सांगते.
तिला लिटर दुधाचा कळतो, पूर्वी रॉकेलचा कळायचा.
"गुंडात सांग."

आमच्या गुंडात वीस लिटर मावतं.
युनिटचे पन्नास गुंड, एकवीस युनिटचे हजारावर पन्नास.
आई मानेला हात लावते.
चौकातल्या नळावरून या घरात पाणी
तिच्या डोक्यावर बसून यायचं,
पहाटे चारला, रांगेत रात्रीच ठेवलेल्या विटेच्या भरवशावर.
त्याचं वाचन घ्यायला कुणी आलं नाही.

त्याखाली आणखी एक ओळ: मलजल शुल्क.
"हे कायचं?"
वापरलेलं पाणी गटारातून न्यायचे, साफ करायचे पैसे.
"मोजते कसं? नालीले बी मीटर हाय का?"
नाही. आत आलं ते सगळं बाहेर गेलं असं धरतात,
आणि पाण्याच्या रकमेवर टक्के लावतात.

आई सावरून बसते.
"मंग पेलं ते? वरणात टाकलं ते? मोगऱ्याले घातलं ते?
आन् मे महिन्यातला कूलर?"

कूलर माझ्याही ध्यानात आला नव्हता.
शेहेचाळीस अंशांत रोजच्या सहा बादल्या
वाळ्याच्या ताट्यांतून हवेत जातात,
नालीला त्यातला थेंब दिसत नाही.
ती बिलाची घडी घालते. "चाल."

सतरंजीपुरा झोन, खिडकी तीन.
गजघाटे नावाचा पोरगा सगळं ऐकून घेतो,
मध्ये एकदाही मोबाइल बघत नाही.
मग खरंच शोधल्यासारखी दोन-चार बटणं दाबून म्हणतो,
"मावशी, कूलरसाठी रकाना नाही."
"नाही त कर."
मागची रांग हसते. तोही हसतो.
"माझ्या घरी दोन कूलर आहेत. मीही भरतो, मावशी."

पण पेनाचं टोक एकवीसवर ठेवून तो विचारतो,
दोघींना एवढं लागते का?
रात्री सारे नळ बंद करा, मीटरमधली बारकी चकरी पाहा.
फिरली, तर पाणी तुम्ही नाही, जमीन पिऊन राहिली.

रात्री अकरा. आई मीटरपाशी पाटावर, हातात टॉर्च.
चकरी थांबलेली वाटते.
मग मुंगीनं ढकलावी तशी जरा सरकते.
आम्ही भिंतीला तळहात लावत लावत मागे जातो
आणि ओल सापडते बाबांच्या रंगाच्या टाक्याखाली,
जिथं कोरडेपणाशिवाय काही नाही असं आम्ही समजत होतो.

इथं ते सुताच्या लडी बुडवायचे, डाळिंबी, मोरपंखी,
आणि उरलेला रंग सरळ नालीत.
गल्लीतल्या बाया पाण्याच्या रंगावरून ओळखायच्या
आज कोणत्या शेटचं काम चाललंय.
ते सगळं वाहत नाग नदीला जायचं,
आणि घरात कुठल्याही टक्क्यांचा कागद यायचा नाही.

आई टॉर्च विझवते.
अंधारात बऱ्याच वेळानं विचारते,
"ते किती झालं असंल, गुंडात?"

मी हिशेब करत नाही.

"सकाळी प्लंबरले बोलाव. बिल भरून टाक.
नाव राहू दे तेच.
आन् त्या तीन नंबरच्या पोराले सांगून ठेव,
मेचं बिल आलं का मी पुन्हा येईन."