नावाचा रकाना

जन्म-मृत्यू विभागात माझी खिडकी पहिली.
मुलं आधी येतात, नावं मागून,
कधी बाराव्या दिवशी, कधी बालवाडीच्या आदल्या दुपारी,
घामानं ओल्या चिठ्ठीवर.
माझं स्वतःचं सुनीता. वर्गात चार होतो.
म्हणून असेल, चिठ्ठी उघडली की विचारतेच,
"अर्थ काय हो?"
हा रकाना अर्जावर नाही. तो माझा.

जोडबसवण्णा चौकातून बिराजदारांची सून आली.
इब्बनी, म्हणाली. कन्नड. दहिवर.
सासरा मागून कुरकुरला,
"आपल्याकडं कुठलं दहिवर? मे महिन्यात भिंतीला पाठ टेकवत नाही."
"म्हणून तर," ती म्हणाली,
आणि पहिली ऱ्हस्व, शेवटची दीर्घ,
माझ्याच पेनानं काढून दाखवली.

कौसरनं आणलं अरीज.
अरबी. सुगंध, पण बाटलीतला नाही, दूरवर पसरणारा.
मी विचारलं, अत्तराचं दुकान आहे का घरात?
"अब्बा तिचे ड्रेनेजला आहेत, महापालिकेतच.
दोनदा आंघोळ करून मगच घेतात तिला."
पुढचं विचारलं नाही.
शिक्का जरा हळू मारला.

तळभंडाऱ्यांची पोरगी पाण्याच्या दिवशी झाली.
पाचव्या दिवसाचं पाणी, पहाटे तीनचं.
बाप नळाला पाईप लावत होता, तेवढ्यात दवाखान्यातून फोन.
बॅरल भरायचं की पळायचं?
पळाला. पाणी गल्लीभर गेलं,
परत आल्यावर पेढ्यांआधी शिव्या खाल्ल्या.
नाव ओघवती.
संस्कृत, म्हणाला, कुठल्याशा जुन्या नदीचं.
"आहे का ती नदी अजून?"
"नदीचं माहीत नाही. पोरगी आहे."

दुपारी खिडकी बंद झाली की
जुनी बाडं कॉम्प्युटरवर चढवायची.
कागद पापडासारखा, शाई तपकिरी.
त्यात नकुसा सापडते. ती मला कळते.
साकव्वा सापडते. ती बिराजदारांच्या सुनेनं
जाता जाता फोडून सांगितली: साकु, म्हणजे बास.
चालम्मा मात्र मला आवडायची.
वाटायचं, चालणारी.
गिरणीच्या भोंग्याआधी घर सोडलेली,
रुंद टाचांची कुणी बाई.

मग एका बुधवारी बालराज कुरापाटी आला.
जकार्डची पुठ्ठी पाडतो.
चादरीवरचे मोर आधी त्याच्या भोकांत असतात.
तिसरी मुलगी. अकरा महिने बिननावाची.
बाड उघडंच होतं. त्यानं ते उलट्या बाजूनं वाचलं
आणि हसला, आवाज न करता.
"मॅडम, चालु म्हणजे तेलुगूत पुरे.
आमची आत्या होती चालम्मा. सहावी.
साखर पेठेत दिवसाला हजार विड्या वळायची,
आणि शेजारच्या मराठी बायांना सांगायची,
चालम्मा म्हणजे चालणारी."

पंखा फिरत होता. बाडाचं पान उडू नये म्हणून
मी त्यावर हात ठेवला, आणि तिथंच राहू दिला.

चिठ्ठी त्याच्या बायकोनं लिहिलेली,
विडीच्या लेबलच्या पाठीवर.
एकच शब्द. इंका.
"परदेशी आहे?"
"नाही हो, घरातलंच. वाढणारी विचारते की ताटाशी उभी राहून,
इंका? म्हणजे आणखी?
आई म्हणाली होती, चालु. दवाखान्यातच, तोंडावर.
हिनं तेव्हा उत्तर दिलं नाही.
आता दिलं."

मी टाइप केलं. इंका बालराज कुरापाटी.
यंत्रानं तिन्ही शब्दांखाली लाल रेघ ओढली,
बापाच्या नावाखालीसुद्धा.
तो काचेला नाक लावून बघत होता.
"का लांब आहे ना, मॅडम?
नीट बघा. का लांब पाहिजे."