छप्पन्नशे

डॉनकास्टर, रविवार. स्वयंपाकघराच्या टेबलावर
उघडं कॅबिनेट आणि दोन पट्ट्या,
सोळा-सोळा जीबी, छप्पन्नशे.
"चौसष्टशेची घ्यायची होतीस, बाबा," इरावती म्हणते,
"तिला दिवेपण असतात."
तेवीस पौंड जास्त. आणि प्रोसेसरनं लिहूनच दिलंय,
छप्पन्नशेपर्यंत माझी जबाबदारी,
पुढचं तुमचं तुम्ही बघा.

तिला मी सांगत नाही
की गोदामात माझ्या मनगटावर एक यंत्र असतं.
ताशी एकशे चाळीस खोकी.
एकशे पस्तीसवर आलो की ते थरथरतं.
आज ते तिकडे लॉकरमध्ये आहे,
तरी मनगट मधूनच थरथरतं.

लोकरी मोजे काढ. आधी रेडिएटरला हात लाव,
उंबऱ्याला लावतात तसा,
मग पट्टीला.
दुसरी खाच, चौथी खाच.
दाब अजून. बोर्ड जरा वाकतो, वाकू दे.
कट्.
कट्.

बटण. पंखे फिरले. पडदा काळा.
एक मिनिट. दोन.
"बिघडलं. स्वस्तातली घेतलीस ना!"
थांब गं. पहिल्यांदाच भेटतायत ती एकमेकांना,
कुणाला किती झेपतं ते विचारून घेतायत.
चहावर साय धरली.
बाहेरून शेजारचा डेरेक
हिरवा कचऱ्याचा डबा खडखडत ओढत गेला.

मग उजेड. कोपऱ्यात बारीक अक्षरांत
बत्तीस जीबी, छप्पन्नशे.
वेष्टनावर होतं तेवढंच.

इरावती काही बोलत नाही.
पट्ट्यांची रिकामी प्लास्टिकची डबी तेवढी
खोडरबरांसाठी उचलून नेते.