रुमालाखाली

लहानपणी अण्णांबरोबर हळदीच्या सौद्याला जायचो.
दोन माणसं, मध्ये एक रुमाल, रुमालाखाली दोन हात.
कोण कुणाचं कुठलं बोट दाबतंय, दिसायचं नाही.
भाव ठरायचा. तोंडं मिटलेली.
मला वाटायचं, मोठेपणी सगळे असंच बोलत असणार,
म्हणजे मधे तोंड घालायला जागाच नाही.

तसं नसतं.
मोठी माणसं वाक्यं करतात,
वाक्याला शेपूट असतं,
आणि ते दारातनं आत यायच्या आत
मी दार लावलेलं असतं.
चौगुले म्हणाले, "पोरीला स्थळ आलंय, पण मुलगा..."
मी म्हणालो, "पुण्याचा असेल!"
मुलगा बिजवर होता.
हे मला नंतर वाण्याकडनं कळलं.

नाहीतर उलटं:
समोरचा बोलतोय, मी मान हलवतोय,
आणि त्याच्या शर्टाचं तिसरं बटण वेगळ्या दोऱ्यानं शिवलंय
यात माझी आख्खी दुपार गेलीय.
"मग काय करू, सांगा," तो म्हणतो.
"बघा तुम्हाला पटतंय तसं."
हे उत्तर कुठंही चालतं.
पंचवीस वर्षं चाललं.

विश्रामबागच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अटेन्शन डेफिसिट.
त्रेचाळिसाव्या वर्षी.
गोळी दिली, वर म्हणाल्या, सांगत जा लोकांना.
त्या हे म्हणत असताना मी विचारलं,
तुमचं घड्याळ सात मिनिटं पुढं का आहे?

त्रिशला हसली नाही.
घरी येऊन तिनं इस्त्रीचा रुमाल घेतला, माझ्या हातावर टाकला,
आणि खालनं हात घातला.
"अंगठा दाबला की थांबायचं.
करंगळी दाबली की तू इथं नाहीस, परत ये.
आख्खा पंजा धरला तर
काही नाही. धरलाय नुसता."

परवा हरिपूरला गेलो, मगदुमांकडं.
काकी जाऊन अकरा दिवस झालेले.
काका सांगत होते, शेवटच्या रात्री तिनं चहा मागितला, आणि
मागं नळ ठिबकत होता.
थेंब. थेंब. मग बराच वेळ नाही. मग थेंब.
वायसर गेलं असणार, आमचंही गेलेलं,
ते ज्याच्याकडनं आणलं तो दुकानदार पुराच्या वर्षी
माल माळ्यावर चढवताना पडला होता, तो आता कुठं असेल, पाय बरा...
पदराखाली करंगळी.

काका गप्प झालेले. काहीतरी संपलं होतं.
चटईवर सगळ्यांच्या माना खाली.
माझ्या तोंडात तयारच होतं: आपल्या हातात काय असतं.
तेही कुठंही चालतं.
अंगठा.

मी म्हणालो, "काका, मी मधेच सुटलो.
माझं डोकं असंच आहे, तुमच्या सांगण्यात काही कमी नाही.
चहा मागितला, तिथनं परत सांगता?"

पुतण्यानं असं बघितलं
की उठून पेवात उतरावं आणि वरनं झाकण लावून घ्यावं.
काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला,
आणि परत सांगितलं.
या खेपेला सावकाश.
कप कुठला, तर कान तुटलेला.
साखर किती, उकळी किती,
आणि एक घोट घेऊन ती काय म्हणाली:
"पांचट झालाय. राहू दे पण."
हे पहिल्या वेळी नव्हतं. पुतण्याही वर बघायला लागला.
नळ ठिबकत होता. मी ठिबकू दिला.
म्हणजे, दोनदा गेलो. दोनदा आणला गेलो.

येताना स्कूटरवर, वाऱ्यात,
त्रिशला मागनं काहीतरी बोलली.
मी म्हणालो, "हं."
पाठीवर कुठलंच बोट दाबलं गेलं नाही.
तेवढ्यानंच कळलं.
स्कूटर कडेला घेतली. बंद केली.
"आता सांग."
"म्हटलं, उद्या एक वायसर घेऊन जा काकांकडं."
"तुलाही ऐकू येत होता?"
"मग? मी काय बहिरी आहे?"