पाण्यात टिकेल का

आमच्या सांगलीत गिऱ्हाईक आधी भाव विचारत नाही.
विचारतं, पाण्यात टिकेल का?
आयर्विन पुलाचे आकडे इथं पोरांनाही पाठ,
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका,
आणि खणभागातल्या माझ्या बोळाला त्याआधीच घाम.

मी नावाच्या पाट्या कापते.
घोड्याच्या केसाएवढं पातं, पायाखाली पेडल,
तीन मिलिमीटरचा साग.
सरळ अक्षरं कुणीही कापेल.
उकार मोडतो.
लाकडाची रेघ आडवी आली
की उकाराची शेपटी भुश्यात शोधत बसायचं,
फुंकर न मारता.

पांढरा गम सरळमार्गी.
पातळ हात, दोन चिमटे, आणि रात्रभर त्याच्याकडे बघायचं नाही.
बाहेर आलेला थेंब ओल्या फडक्यानं पुसू नये,
साय धरू द्यावी, मग पटाशीच्या टोकानं उचलावी.
पुसला तर तो लाकडात जिरतो,
पॉलिश तेवढ्या जागी बसत नाही,
आणि तो फिकट डाग येणाऱ्याजाणाऱ्याला
जोड दाखवत राहतो.

क्विकला मी भिते.
उदबत्तीच्या उरलेल्या काडीनं एक टिपूस, बस्स.
एकदा माझी दोन बोटं आणि जोशींचा काना
एका दमात एक झाले.
काना वाचला. कातडीचं काय, ती येते पुन्हा.

उरला दोन नळ्यांचा.
मटारएवढा हा, मटारएवढा तो,
घोटायचा, आणि पाच मिनिटांत मन पक्कं करायचं.
पाण्याला तोच उभा राहतो.
म्हणून सगळ्यांना तोच हवा.

दमयंती चौगुले आल्या हरिपूर रस्त्यावरून,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी पाटी घेऊन.
एकोणीसच्या पुरातली. मीच केलेली. दोन नळ्यांची.
जोड तसाच होता, अगदी गर्विष्ठ.
लाकूड त्याच्या शेजारून फाटलं होतं.
म्हणाल्या,
मला सुटणारी पाटी कर.
पाणी आलं की अक्षरं निघू देत.
मोडायची तेवढी नाहीत.

असं गिऱ्हाईक मला याआधी भेटलं नव्हतं.

मिरजेला गेले, शब्बीरमामांकडे.
तंबोऱ्याची तबली उघडून बसले होते,
वाफेवर सुरी तापवत.
मी सरस मागितला तर आधी हसले.
मग म्हणाले, भोपळा आज ना उद्या उघडावाच लागतो, पोरी.
ज्यानं न सुटणारं लावलं
त्यानं पुढच्या कारागिराला शिवी दिली.
आणि कागदात बांधून दिल्या
गुळासारख्या दिसणाऱ्या, गुळासारख्या अजिबात न वासाच्या
चार वड्या.

रात्रभर भिजवल्या.
पातेल्यात पाणी, पाण्यात वाटी, वाटीत सरस.
उकळू द्यायचा नाही, उकळला की त्याची ताकद जाते.
घरभर वास. शेजारच्या मोमीनवहिनींनी खिडकी लावली,
मग उघडून विचारलं, काय शिजतंय?
म्हटलं, चौगुले.

गरम लाकडाला गरम सरस,
चौ, गु, ले,
बोटानं दाबून पन्नास मोजायचे.
मी शंभर मोजले, सवयीनं.

यंदा ऑगस्टात त्रेचाळीस झालं.
लोक पायऱ्या मोजत होते,
मी तीन अक्षरं.
चौथ्या दिवशी फोन आला.
चौ निघालं, तांदळाच्या डब्यात ठेवलंय कोरडं व्हायला.
ले कोयरीच्या कुंडीत सापडलं.
गु अजून लटकतंय, उकारासकट.
पाणी ओट्याखाली गेलंय, घाई करू नकोस,
आधी चिखल काढू.

दोन वड्या शिल्लक होत्या.
मी भिजत घातल्या.